सत्यवानाच्या पाठीवरचे वळ

देवबाग, नोव्हेंबर १९६४

चि. गुरुदास,

शेजारचा सत्यवान दिवाळीला तुमच्या कॉलेजातून घरी आलाय. विहिरीवर आंघोळ करताना त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले.

"कोणी मारल्यान रे?" मी विचारलं.

"एनसीसीत नव्या पोरांका सीनियर मारतत. रीत आसा ती."

"आमचो गुरुदास खंय होतो तेव्हा?"

तो पाठीवर पंचा ओढून घरात गेला.

तू त्याचा सीनियर. यंदा भाऊबीजेलाही आला नाहीस. आई तुझा गणवेशातला फोटो सगळ्यांना दाखवत असते. मी मात्र त्यात तुझ्या कमरेचा पट्टाच बघते.

तू मारलंस का, एवढंच विचारायचं होतं. पण नाही म्हणालास तरी माझा विश्वास बसणार नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकवत नाही.

तुझी ताई,
जानकी