दूध ओढायचा पंप, जर्मन बनावटीचा

सोमवार, १० जानेवारी १९३८. जळगाव.
धुळ्याचे पत्र. महिला मेळावा रविवारी, २३ तारखेला. विषय 'स्वदेशी आणि गृहिणी'. वक्त्या मी, वेळ पाऊण तास. बाळंतपणानंतरचे पहिलेच व्यासपीठ. पत्र वाचता वाचता भाषणाचे पहिले वाक्य सुचले, कमू रडली, वाक्य गेले.
सासूबाई म्हणाल्या, "पोरीला खोकला आहे. या थंडीत ती गाडीत बसायची नाही."
मग मी एकटी जाते, म्हटले.
"जा की. दूध तेवढे कपाटात ठेवून जा."
भर सभेत आडवे बोलणारे किती गप्प केले असतील मी. सासूबाईंपुढे नाही जमत.

मंगळवार, ११ जाने.
डॉक्टरीणबाईंकडे गेले. कमूची काळजी नको म्हणाल्या. तीन महिन्यांची आहे, बाळसे चांगले आहे. दोन दिवस बोंडल्याने गाईचे दूध पाजा. शिवाय शेजारच्या सुमनवहिनी अंगावर घेतील, त्यांचा मुलगा पाच महिन्यांचा आहे, दूध उतू चालले आहे. काळजी माझीच. वेळच्या वेळी काढले नाही तर गाठ धरेल, ताप येईल. आटायलाही लागेल. "काचेचा पंप मिळतो, तो घ्या. आणि जाण्याआधी सवय करा."
म्हणजे प्रश्न एवढाच आहे: धुळ्याला जायचे, आणि परत येऊन कमूला पाजायचेही आहे. पैकी एकही सोडणार नाही.

बुधवार, १२ जाने.
असोद्याची जनाबाई सुईण आली. पंपाचे ऐकून हसत सुटली. "व बाई, त्याले पंप काहाले? बाटली आन, कढत पानी आन."
कढत पाणी बाटलीत भरायचे, ओतून टाकायचे, बाटलीचे तोंड लावायचे. गार होताना बाटली आपोआप ओढते. पदार्थविज्ञानात हे वाचले होते, ते स्वतःच्या अंगावर वाचेन असे वाटले नव्हते. बाटली ओढत राहिली. सोडीच ना. दाराबाहेरून हे विचारतात, "काय झाले?" जनाबाई ओरडली, "काही नई भाऊ, बाटली धरून बसली! थंडी झाली म्हंजे सुटीन!" आता आळीभर झाले.
मिळकत दोन चमचे दूध आणि रुपयाएवढा लाल गोल. आगगाडीत हे करायचे म्हणजे शेगडी न्यावी लागेल. रद्द.

गुरुवार, १३ जाने.
स्टेशनाजवळच्या औषधांच्या दुकानात. पंप दोन, एक जर्मन, एक जपानी. काचेची घंटा, पोटाला फुगवटा, शेपटाला लाल रबरी फुगा.
देशी?
"नाही बाई. अशी पातळ काच इकडे होत नाही. आणि फुगा कोण करतो?"
रबर तरी कुठले, म्हटले.
"मलबारचे असेल. कच्चे जाते, फुगा होऊन परत येते." मग, "खानदेशच्या कापसासारखे. कच्चा जातो, धोतर होऊन येतो. मागल्या साली चौकात आपणच सांगितले होते."
माझेच भाषण, माझ्याच तोंडावर. सात वर्षांत या घरात परदेशी टाचणी आलेली नाही. न घेता बाहेर पडले. मान ताठ, पदर दुधाने ओला.

शुक्रवार, १४ जाने. संक्रांत.
तिळगूळ वाटायचे निमित्त करून नारायण तांबटाकडे गेले. पितळेचाच करून घ्यावा. का नाही? ज्यांनी बंब केले त्यांना पंप जड आहे?
"पिचकारी हवी. ढकलणारी नको, ओढणारी. तोंड वाटीएवढे, कड गोल, टोचता कामा नये."
"कशाला हवी, ताई?"
मी म्हणाले, "एक द्रव ओढायचा आहे."
द्रव! बाळंतिणीच्या खोलीतील अज्ञानावर मी गावोगाव तास तास बोलले आहे. एक शब्द कधी गिळला नाही. आणि हातोडी हातात घेऊन बसलेल्या एका सज्जन माणसापुढे—

सोमवार, १७ जाने.
तांबटाने पिचकारी स्वतः आणून दिली. दीड शेर वजन. हात-दीड हात लांब. चिंचेने घासून लखलखीत. दांड्यावर कमळ, आणि त्याखाली नाव घातलेले: सौ. वत्सलाबाई.
"डब्यातलं घासलेट एका ओढीत येईल, ताई. थेंब सांडणार नाही."
छान आहे म्हटले.
ह्यांनी ती अंगणात नेली, बादलीतले पाणी ओढले आणि समोरच्या भिंतीवर मारले. भिंत पार भिजली. "धुळ्याला हीच ने. अस्सल स्वदेशी. कोणी आडवे बोलले तर उपयोगी पडेल."
सा.बा.ना मात्र मनापासून आवडली. दुपारीच घासलेट काढले. खरेच थेंब सांडला नाही.

मंगळवार, १८ जाने.
हे म्हणाले, "घे तो जर्मन."
तत्त्वाचे काय?
"तुझ्या चष्म्याची काच कुठली आहे?"
नंतर चष्मा काढून बसले, तर पुस्तक दिसेना. पुन्हा घातला.
चार वाजता जाऊन जर्मन घेतला. दुकानदाराने गुपचूप कागदात गुंडाळून दिला. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

बुधवार, १९ जाने.
पंप उकळून घेतला. फुगा दाबायचा, घंटा लावायची, हळूच सोडायचे. दहा मिनिटांत अर्धी वाटी! दुखले नाही. ओढले गेले, सुटले, छाती हलकी झाली. इतके समाधान वाटले की शरम वाटली. बारकाईने पाहिले तर दूध जरा निळसर असते. आजवर पाहिलेच नव्हते. थेट कमूच्या तोंडात जात होते.

शनिवार, २२ जाने. धुळे.
सकाळी कमूला दोन्हीकडे पाजून निघाले. निघताना रडली नाही. सुमनवहिनींच्या अंगाखांद्यावर खुशाल होती. हे बरे की वाईट?
चाळीसगावला गाडी बदलली, बायकांच्या वेटिंगरूममध्ये पंप वापरला.
उतरले अध्यक्षाबाईंकडे. साठीच्या, विधवा, कडक. घरात काचेचा पेलादेखील नाही. सगळीकडे सूत, टकळ्या, पितळ. पंप वळकटीत लपवला. न्हाणीत नेताना वर टॉवेल घातला, खादीचा. चोरी करणे एवढे सोपे असते?

रविवार, २३ जाने. धुळे.
सगळे लिहून ठेवते.
दालन भरलेले. निम्म्या बायका खेड्यांतून आलेल्या, कडेवर पोरे. आवाज छान लागला. दहाव्या मिनिटाला म्हणत होते, "आपल्या उंबऱ्याच्या आत परक्याची एकही वस्तू—" आणि तिसऱ्या ओळीत एक तान्हे रडले.
दुसऱ्याचे मूल. पण छातीला कुठे कळते ते. एकदम पान्हा फुटला. खादी सगळे शोषते आणि काही लपवत नाही. पोलक्यावर दोन ओले चंद्र, आणि ते मोठे होत चाललेले. पदर ओढला, तोही भिजला. पहिली ओळ माझ्या तोंडाकडे बघेनाशी झाली.
पुढचे वाक्य आठवेना. मग सरळ म्हणाले, "भगिनींनो, तीन महिन्यांची मुलगी जळगावला ठेवून आले आहे. अंगावर दूध आले आहे. काढून येते. पंधरा मिनिटे बसा."
बाजूच्या खोलीत गेले. घाईत कडी लावायची राहिली. दोघी आत आल्या, मग पाच, मग मोजल्या नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून बसलेले.
"बाई, हाई काय शे?"
सांगितले.
"दुखस का?"
नाही.
"बठ्ठं दूध निंघस?" सगळे निघते, म्हटले. मग ती हळू बोलायला लागली. कापडण्याची भिकाबाई. सून बाळंतीण. दोन दिवस झाले, दूध दाटून छाती दगड झाली आहे, अंग तापले आहे, मूल ओढत नाही. "माले दे ना. मी परत धाडसू."
हा परदेशी आहे हो, जर्मन, म्हटले.
"जर्मन राहो का कोठला राहो. सून मन्ही शे."
मागून अध्यक्षाबाईंचा आवाज: "वत्सलाबाई, ही काच कुठली म्हणालात?"
पदर सावरून वळले.
"जर्मन. देशी शोधली, मिळाली नाही."
"भाषण पुरे करा. मग बोलू."
पुन्हा उभी राहिले. तयार केलेले सगळे बाजूला ठेवले. तांबटाची गोष्ट सांगितली, घासलेटासकट. बायका हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाले, जी वस्तू मागायला आपली जीभ अडखळते, ती आपला कारागीर करणार कशी? दोष त्याच्या हातांचा नाही, माझ्या लाजेचा आहे. आधी नाव घ्यायला शिका, मग स्वदेशी मागा.
टाळ्या कमी, हसू फार. पण एकही बाई मधून उठून गेली नाही.
उतरल्यावर भिकाबाई दारात उभीच होती. तिला जायला गाडी जुंपलेली. मला उद्या सकाळची आगगाडी, घरी पोचायला दुपार. पंप दिला तर माझे हात रिकामे. नाही दिला तर तिची सून.
दिला. उकळून घ्यायला तीनदा सांगितले.
अध्यक्षाबाई बघत होत्या. जेवताना एवढेच म्हणाल्या, "मला चार झाली. दुसऱ्याच्या वेळी अशीच गाठ आली होती. एकवीस दिवस." आणि ताटात आणखी भात वाढला. पंपाबद्दल काय ते मेळाव्याच्या समितीत बोलणार म्हणाल्या.

सोमवार, २४ जाने. जळगाव.
रात्रभर थांबले, पहाटे हाताने थोडे काढले. चाळीसगावला पुन्हा. डावीकडे येईना. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला देव आठवत होते, आणि मी देव मानत नाही.
घरी आले तर सा.बा.नी काही न विचारता गरम पाण्याचे फडके तयार ठेवलेले. "चढ वर, झोप. बोलू नको." सासूबाईंनी मला बोलू नको म्हणण्याची ही पहिलीच वेळ नाही, पण मी ऐकण्याची पहिली.
डावीकडे सुपारीएवढी गाठ. ताप.

बुधवार, २६ जाने.
ताप उतरला. गाठ थोडी मऊ. कमू उजवीकडे पिते, डावीकडे तोंड फिरवते. दोन दिवसांत बोंडले आवडायला लागले आहे, चटकन येते म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणतात, सारखी लावत राहा, ओढले तर टिकेल. जनाबाई म्हणते, "घेईन. नई तं नई घेनार. पोरीच्या जातीले कोन सांगीन?"
ह्यांनी विचारले, दुसरा पंप आणू का? जपानी शिल्लक आहे. आण म्हटले. अगदी पटकन म्हटले.
टपालात दोंडाईच्याच्या बायकांचे पत्र. येत्या महिन्यात यावे, विषय मी ठरवावा. आणि धुळ्याहून निरोप: भिकाबाईच्या सुनेचा ताप गेला, पंप शेजारच्या गल्लीत एकीला दिला आहे, तिथून आला की धाडते.
दोंडाईच्याला काय लिहू?
आता पुन्हा डावीकडे लावली. तोंड फिरवले. बोटाने गाल कुरवाळला, पुन्हा लावली. एकदा ओढले. थांबून माझ्याकडे बघत राहिली, सभेत पहिल्या ओळीतला माणूस बघतो तशी, पटले की नाही ते कळू न देता. आता पुन्हा तोंड उघडते आहे, लेखणी खाली ठेव—