मिरी कोणत्या भागात आहे?

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण दोन्ही गुडघ्यांनी यातून अंग काढून घेतलंय, तेव्हा उरलेल्या सहा अंगांचा गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक. हे दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी तीन मजले चढून घरी येतात (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही). मी अजून कवळ्या बनवते. दवाखान्यामागच्या त्याच खोलीत, त्याच खिडकीशी. फक्त खिडकीबाहेर आता भिंत आलीय.

पत्राचं कारण म्हणजे मी तुझी गोष्ट वाचली. तीच ती, आटलेल्या समुद्राच्या तळाशी वसलेल्या नगरांची, सहा भागांची. मावशीचं, म्हणजे तुमचं, बिऱ्हाड आमच्या वरच्या मजल्यावर होतं तेव्हा तू ती परक्या भाषेत वाचायचीस आणि जिन्यात बसून मला आपल्या भाषेत सांगायचीस. आता तिचा अनुवाद आलाय आणि तो इथल्या वाचनालयात मुलांच्या कपाटात असतो. मुलांची पुस्तकं मुलांच्याच नावावर मिळतात, म्हणून मी एक नात सांगितली. (दचकू नकोस, आमच्या चिरंजीवांचं अजून लग्नही व्हायचंय.) ग्रंथपाल बाई दर खेपेला नातीची चौकशी करतात. आतापर्यंत तिला गोवर येऊन गेलाय आणि ती गणितात कच्ची आहे. परवा तिच्या काळजीनं माझाच आवाज जड झाला.

पहिला भाग बसमध्ये वाचला आणि माझा थांबा मागे गेला. दुसऱ्यापायी दूध उतू गेलं. तिसरा मात्र मी कामाच्या टेबलावर मेणाच्या डब्याआड उघडा ठेवला आणि तिथेच घात झाला. तिकडे तिघे भाऊ खारट वादळात सापडलेले, आणि इकडे मी एका निवृत्त न्यायाधीशांच्या आणि बुटांच्या दुकानाच्या मालकीणबाईंच्या कवळ्यांची अदलाबदल करून बसले. बाई तासाभरात दुकान सोडून भांडायला आल्या. न्यायाधीश मात्र दोन दिवस त्यांच्या दातांनी जेवायचा प्रयत्न करत राहिले. पुराव्याशिवाय कुणावर ठपका ठेवायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी नुसतं पुस्तक उचललं, वेष्टनावरचा टोपीवाला बगळा नीट बघितला आणि माझं वय विचारलं.

हे सगळं मी कशासाठी सोसत होते, तर मिरीसाठी. भाऊ काय, शूर असतातच, त्यांना दुसरा उद्योग नसतो. मला भेटायचं होतं ते त्यांच्या मागून मोठ्यांच्या चपला फटक फटक वाजवत येणाऱ्या मिरीला. अंधाराला भिणारी, आणि तरी 'मी येणार' म्हणणारी ती. आयुष्यात जिथे जिथे पाय लटपटले, तिथे मी मनात तिचं 'मी येणार' म्हटलंय. (बाळंतपणात ते मोठ्यानं निघालं. नर्सला वाटलं, मी बाळाच्या वतीनं बोलतेय.)

पहिल्या भागात मिरी नव्हती. म्हटलं, येईल, लहान आहे, मागे राहिली असेल. चौथ्यात एक मुलगी आली, पण ती राजकन्या निघाली. सहावा संपला आणि मी तरातरा वाचनालयात जाऊन सांगितलं की पुस्तकातली पानं कुणीतरी फाडलीत. ग्रंथपाल बाईंनी पानं मोजून दाखवली. मग मी अनुवाद करणाऱ्याला कामचुकार म्हटलं. त्यांनी मूळ पुस्तक काढून आणलं, चष्मा पुसला आणि माझ्या शेजारी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून अख्खी दुपार पानं चाळली. मिरी नव्हती. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि हलकेच विचारलं, "तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली होती?" नातीचा विषय त्यांनी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

घरी येऊन यांच्यापाशी सगळं बोलले. हे हाताचं ग्रीस पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, ती तूच ना."

ताई, एवढ्या वर्षांत मला हे कळू नये? त्या चपला तुझ्याच होत्या. तुला लहान झालेल्या आणि मला मोठ्या. आणि मी वेडी तिच्यावर जळायचे, आपल्याला तिच्यासारखं होता येत नाही म्हणून.

पुस्तक वाईट नाही. समुद्रात पाणी परत येतं, भाऊ घरी पोचतात. पण मिटल्यावर मला त्या भावांपैकी कुणाचीच आठवण आली नाही. आठवला तो आपला जिना, आणि वरच्या पायरीवर बसलेल्या तुझ्या गुडघ्यांना टेकलेली माझी पाठ. काकांची बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढत होतं, आणि तू मिरीला समुद्रतळाच्या घंटाघरात भावांची वाट बघत बसवलंस आणि म्हणालीस, पुढचं भेटल्यावर. त्यानंतर आपण भेटलो ते लग्नांमध्ये, हातात ताट घेऊन, पित्ताशयातल्या खड्यांविषयी बोलत. पुस्तकातले भाऊ त्या घंटाघराकडे फिरकतही नाहीत. का फिरकावं? तिथे कुणी बसलंय, हे त्यांना माहीतच नाही. तुला आणि मलाच माहीत आहे.

भावोजींना नमस्कार. खोकल्याकडे दुर्लक्ष करू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता.क. आग्रह नाही. सवडीनं मिरीच्या पुढच्या चार ओळी लिहिल्यास तरी पुरे.

ता.क. २. चार ओळी नकोत, तूच ये. तुझा मुलगा फोनवर सांगत होता की सगळे दात काढल्यापासून तू माणसांत बसत नाहीस, तोंडापुढे हात धरून हो-नाही एवढंच बोलतेस. सख्खी मावसबहीण कवळ्या बनवते आणि तिला हे तिसऱ्याकडून कळावं, याचा राग मी तू आल्यावर धरीन. तुझे दात मी करणार. ते बसेपर्यंत तुझं बोलणं लोकांना कळलं नाही तरी मला कळेल. दिवसभर मी तसंच बोलणं ऐकत असते.

ता.क. ३. कवळी बसायला चार खेपा लागतात, असं डॉक्टर तुला सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. मी घासून घासून दहा लावीन.