दिवा हिरवा होईपर्यंत

वेंडेल,

हँकचा नवा व्हेपरायझर परत करायला आर्केटाला चालले आहे. आठवडाभर वापरून बघा म्हणाला होता, आठवडा झाला. उगाच त्याचे टोमणे कशाला ऐकायचे? सूप शेगडीवर आहे, नुसतं गरम कर.

असाच आपणही घेऊ या का, असं तू विचारलं होतंस. खोट काढायला जागा नाही. ओढताना वाफ गार येते, तुला खोकला येत नाही, गांजाही कमी लागतो. वापरून झालेला पाला बरणीत इतका थोडा जमलाय, की तो लोण्यात कढवून यंदा नशेच्या बिस्किटांपुरतंही लोणी व्हायचं नाही.

तरी घेऊ नकोस.

जुना तापायला वेळ लावतो म्हणून तू रोज त्याच्या नावानं बोटं मोडतोस. पण त्याचा लाल दिवा हिरवा होईपर्यंत आपण दोघं पायरीवर नुसते बसून असतो, आणि दुसरं काही करण्यासारखं नसतं म्हणून तू बोलतोस. ज्युनिपर भांडून घर सोडून गेली, त्यावर तू पहिल्यांदा तोंड उघडलंस ते त्या लाल दिव्याकडे बघतच. "पोरीला तसं बोलायला नको होतं मी," म्हणालास. हा नवा तर मी दार लोटून बाहेर येईपर्यंत तयार असतो. या आठवड्यात लेकीचं नावसुद्धा तुझ्या तोंडून निघालं नाही.

मीही काढलं नाही. काढायला हवं होतं.

जुना साफ करून, जाळी बदलून चार्जिंगला लावलाय. मी येईपर्यंत सुरू करू नकोस.

लोरेटा