मिरचीच्या गिरणीवरचा मास्क

इंझोरी

चिरंजीव भाऊ जानराव यास बेबीबाईचा पोटभर आशीर्वाद.

इकडं आमी सगळे बरे आहो. तुहे गुडघे कसे आहेत? दगडाची खदान चालू आहे ना? (गुडघ्याचं आधी सांग, खदानीचं मंग.)

पत्राचं कारण आनंदाचं आहे. आपल्या साक्षीले खाणीवर नोकरी लागली. आकाशात मोठी दुर्बीण सोडतात, तिचा आरसा बेरिलियम नावाच्या धातूचा करतात म्हणे. लय हलका, आन् कितीबी थंडी पडो, वाकडा होत नाही (मी तं दिवाळीपासूनच आखडते). तो धातू ज्या दगडातून निघते, त्या खाणीत आपली नात हवेतली धूळ तपासणार. मी म्हटलं, आरशामागं तुह्या आजोबाचं नाव टाकता येते का, भांड्यावर टाकतो तसं? तं म्हणे, आजी, तिथं ओरखडाबी चालत नाही.

पण राजपाल अडून बसला. त्या धातूची धूळ छातीत गेली की माणूस धापा टाकत राह्यते, हे पोरीनंच बापाले सांगून टाकलं. (खरं बोलायची खोड तिले माह्याकडून नाही लागली.) राजपाल म्हणे, "माय, माहा बाप धुळीनंच गेला ना? आता पोर काहून देऊ?"

मले काही सुचेना, म्हणून मी तिखट कांडायले निंगाली. जाताना साक्षीचा मास्क घेतला, खाणीचं काम शिकताना तिले भेटलेला, दोन्हीकडं हवा गाळायचे डबे असलेला. तो लावून गिरणीत शिरली तं शेजारची नानीबाई आपल्या मिरच्या टाकून पळाली. पण जानराव, अर्ध्या मिरच्या कांडून होईस्तोवर मले एक ठसका नाही! गिरणीवाला खोकलून राह्यला आन् मी आपली उभी. तशीच घरी गेली, राजपालले हाताले धरून आणला, मास्क लावला आन् गिरणीत उभा केला. सारी गल्ली पाहून राह्यली होती. त्यालेबी ठसका नाही. बाहेर आला तं डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं. म्हणे, तिखटानं. (त्या मास्कात डोळे उघडेच असतात, म्हणून मीबी हो म्हटलं.) आज सकाळी त्यानंच पोरीची बॅग एसटीत चढवली.

तुही बहीण
बेबीबाई

ता. क. भाऊबीजेले लुगडं आणू नको. पेटीत जागा नाही.

आणखी एक. ओवाळणीत मले असे मास्क पाह्यजेत, तुह्या खदानीवर जेवढी माणसं दगड फोडतात तेवढे. तुहे दाजी तिथंच खोकलायले लागले होते. मी तुले कधी बोल लावला नाही, आताबी लावत नाही. नाही म्हणायचं असन तं खुशाल म्हण. फक्त इथं येऊन म्हण. उरलेल्या अर्ध्या मिरच्या तुह्यासमोर कांडायच्या ठेवल्या आहेत, आन् मास्क तं साक्षी घेऊन गेली.