आईंच्या खिडकीतली खसची ताटी

प्रताप नगर, नागपूर. मे १९७४, रविवार संध्याकाळ.

ह्यांनी आज सकाळी सासूबाईंच्या खिडकीतली खसची ताटी काढली, कापली, ओली केली आणि पिकअपच्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडावर बांधली. गरम हवेनं गाडीला चढावर दम लागतो म्हणे. गाडीचा दम दिसतो, तापानं फणफणलेली आई दिसत नाही! मी बोलणार, तोच खाटेवरून आईच म्हणाल्या, "नेऊ दे वं. गाडी चालंन तं घर चालंन." मी ताटी नेऊ दिली. का दिली?

दुपारी हे पायीच परतले. रस्त्याची धूळ ओल्या खसवर बसून चिखल झाला, इंजिनाला हवाच मिळेना, गाडी चढावर बंद पडली. ताटी अंगणात फेकून हे भिंतीकडे तोंड करून निजले. आईंच्या खिडकीतून दिवसभर झळा आत येत होत्या.

मी तुकडे धुतले, सुतळीनं जोडले, खिडकीत लावून पाणी मारलं. एरवी खोलीभर खसचा वास सुटतो. आज डिझेलचा सुटला. आईंचं कपाळ नुसतं भाजत होतं.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "गाडीले गार वाटलं का वं?"

मी हो म्हटलं.