विहीर वापरात आहे का

३ फेब्रु., मंगळ.
टेबलावर नवं विधेयक. शहरांतल्या 'वापरात नसलेल्या' विहिरी बुजवून जागा मोकळ्या करायच्यात राज्य सरकारला. महापालिकेचं मत मागितलंय. उपनगरांचे अभिप्राय आमच्या बोरिवलीच्या ऑफिसात गोळा होतात. परब साहेब म्हणाले, मागच्या विधेयकाचं पत्र काढ, नाव बदल, 'हरकत नाही' ठेव. नेहमीचीच पद्धत.
पण डोक्यात किडा वळवळायला लागला. महापालिकेचं मत म्हणजे नक्की कुणाचं मत? साहेबांना विचारलं. हसले, म्हणाले टाईप कर आधी.

५ फेब्रु.
विधेयक खरंच वाचलं. ऑफिसात बहुतेक मी एकटीनेच. 'वापरात' म्हणजे काय, तर पालिकेच्या नोंदीत वापरात असेल ती. बस्स. बाकी डोळ्यांना दिसतं त्याला काही किंमत नाही.
दुपारी दहिसरच्या नोंदी आल्या. आमच्या चाळीची विहीर: बंद.
बंद? सकाळीच त्या पाण्यात माझे कपडे धुऊन आलेय मी!

६ फेब्रु.
बाबांना विचारलं. मिल सुटल्यापासून चाळीचे सेक्रेटरी तेच. अजिबात शरमले नाहीत. "मच्छरवालो येता, दंड लावता. बंद आसा म्हटल्यावर जाता."
म्हणजे विहिरीवर डासांची जाळी बसवायचा खर्च नको, म्हणून इतकी वर्षं हेच उत्तर. आणि सगळ्या चाळीने माना डोलावल्या. कमाल आहे! मुलुंडच्या ऑफिसातल्या सुनीताला फोन केला. तिच्याकडेही तेच. म्हणाली, आमच्या सगळ्या बंदच आहेत गं, संध्याकाळी बादल्यांची लाईन असते तेवढीच.
हसले खूप. मग आठवलं, बंद म्हणजे बुजवणार. मे महिन्यात नळाची धार करंगळीएवढी होते, तेव्हा चाळ जगते ती ह्या विहिरीवर.

९ फेब्रु., सोम.
वहिनीच्या बाळंतपणाला सव्वा महिना होत आला. बाळाला घेऊन विहिरीची ओटी भरायची, आमच्याकडे चुकवत नाहीत. तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, मग पुढच्या बाळाला नळाची ओटी भरायची का?

१३ फेब्रु.
मसुदा लिहिला. पाठिंबा, पण एक अट: नोंदीवर विसंबू नये, जागेवर पाहणी करूनच ठरवावं. महापालिकेचं मत मीच लिहीत होते की!
साहेबांनी दोनदा वाचला. विचारलं, यात तुझी विहीर आहे का? लपवून काय मिळणार, हो म्हटलं.
"मग तू लिहायला नको होतंस." मग म्हणाले, "पण दुसऱ्या कुणी लिहिलंही नसतं."
ठरलं असं: वॉर्डाचा माणूस आधी दोनचार विहिरी बघेल. नोंदी चुकीच्या निघाल्या तर वाक्य राहील. पहिली आमचीच लावली त्यांनी. बदमाश आहेत.

१८ फेब्रु.
चाळीची मीटिंग. वाट लागली. अर्धे म्हणतात, वापरात म्हटलं की जुनं खोटं उघडं पडणार, वर दंड. अर्धे गप्प. मी ओरडले, तर शेजारचे काका म्हणाले, तू पालिकेची की चाळीची?
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना आमटी मागितली तीसुद्धा वहिनीमार्फत.

२० फेब्रु., शुक्र.
सव्वा महिना आजच भरला आणि पाहणीवालाही आजच आला. आम्ही सगळे विहिरीपाशी. वहिनी हिरव्या साडीत, कडेवर बाळ, दुसऱ्या हातात नारळ. तो बिचारा चपला काढून लांब उभा. ओटी होईपर्यंत थांबला, मग बाबांना विचारलं, काका, विहीर वापरात आहे का?
बाबांचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, 'बंद' जिभेवरच असणार. माझ्याकडे बघितलं. आणि मग दोर घेतला, कळशी सोडली. दम लागला त्यांना, पण कुणाला हात लावू दिला नाही. भरलेली कळशी वहिनीच्या पायाशी ठेवली.
"वापरात आसा. लिवा. दंडय लिवा."
त्याने काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही. मी रडत होते, उगाच.

२४ फेब्रु., मंगळ.
मसुदा अजून साहेबांच्या टेबलावर. माझ्या वाक्याभोवती पेन्सिलीचा गोल, बाजूला प्रश्नचिन्ह. ते त्यांचं की वरच्यांचं, सांगत नाहीत. अधिवेशन तोंडावर आलंय.
घरी आले तर नोटीस. पालिकेच्याच मच्छर खात्याची. विहिरीला जाळी नाही, सबब दंड. आणि वर स्पष्ट छापलंय: 'वापरातील विहीर'.
म्हणजे एक खातं म्हणतं बंद, दुसरं म्हणतं वापरात, आणि मत मात्र एकच जायचंय. कुणाचं?
दंड भरायचाय म्हणून नोटीस मागितली. बाबा देईनात. देव्हाऱ्यात ठेवलीये, वर हळदकुंकू.