आईचा बंब

आई, बंब घ्यायचा की विजेचा गिझर, हे तू माझ्यावर सोपवलं होतंस. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, खामगावात आपल्या गल्लीत वीज आली होती आणि मी मुलींच्या शाळेत नुकती मराठी शिकवायला लागले होते. जुन्या बंबाचं बूड गळायला लागलं. दादा शेतीपायी रोहिणखेडला, म्हणून दुकानात आपण दोघीच गेलो. वाटेत तू म्हणालीस, "मले काय समजते त्यातलं? तू शिकेल हायेस, तूच पाह्य. पन त्या पऱ्हाटीच्या धुरानं आता दम लागते मले." तू याहून स्पष्ट कधी काही मागितलं नव्हतंस.

दुकान अजून डोळ्यांसमोर आहे. एका बाजूला तांब्याचे बंब ओळीनं उभे, समोर भिंतीवर एकच पांढरा गिझर. तू पदराला हात पुसतेस आणि गिझरला हळूच बोट लावून पाहतेस. दुकानदार मला विचारतो, "बाई, घरी पावरची लाइन हाये काय? अर्थिंग केलं हाये?" मला त्यातलं अक्षर कळत नाही. शेजारी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील उभे आहेत. 'म्हणजे काय?' एवढंच विचारायचं होतं. त्यांच्यासमोर मला ते विचारवलं नाही. मी म्हणाले, "विजेचा भरवसा नाही, पाण्यात शॉक उतरतो. बंबच द्या." तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. बाई म्हणते म्हणजे खरंच असणार, अशी.

पुढचे पाच हिवाळे तू पहाटे उठून त्या बंबात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून घालत होतीस. फुंकर मारायचीस, खोकायचीस, भिंतीला टेकायचीस, पुन्हा फुंकर. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा. तेव्हा कुठे मी गिझर आणायची गोष्ट काढली. तू म्हणालीस, "चांगला बंब हाये, काऊन टाकतं? तुले शाळेत जा लागते, गरम पानी नको काय?" आणि मी बादली उचलून न्हाणीत गेले. हे मला कशानंही धुऊन काढता येत नाही. त्याच पौषात तू गेलीस. शेवटचे दोन दिवस तुला पाणीसुद्धा एका दमात पिता येत नव्हतं.

तेराव्याला दादा पाहुण्यांना सांगत होता, "हिनं लय समजावलं असन, पन आईले जुनं सोडवे ना. बंबच पाह्यजे होता तिले." मी पंगतीत वरण वाढत होते. कुणीतरी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी "हो" म्हणाले.

दादा आता फार थकला आहे. परवा नातवाला तेच सांगत होता, की पणजी हट्टी होती. हे पत्र मी त्याला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं. दाखवणार नाही.